माजी आमदारांचा शोकप्रस्ताव आणि खेळाडूचं अभिनंदन: सभागृहात हे नेमकं कसं आणतात?

मतदारसंघ_कार्यालय

नमस्कार मंडळी. आमच्या मतदारसंघातून दोन वेळा निवडून गेलेल्या माजी आमदारांचं अधिवेशन संपल्यानंतर निधन झालं. पुढचं अधिवेशन नागपूरला आहे. विद्यमान आमदारांच्या कार्यालयातून पुढील गोष्टी करायच्या आहेत, म्हणून जाणकारांना विचारतो:

शोकप्रस्तावासाठी आमदारांनी लक्षवेधीसारखी (मंत्र्यांचं एखाद्या विषयाकडे लक्ष वेधणारी) सूचना द्यावी लागते का, की सचिवालय आपणहून नाव घेतं? माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची? त्या दिवशी सभागृह तहकूब होतं का? याच तालुक्यातल्या एका मुलीला राष्ट्रीय स्पर्धेत कुस्तीचं पदक मिळालं आहे. तिच्या अभिनंदनाचा ठराव त्याच अधिवेशनात आणता येईल का? शिवाय दिवंगत नेत्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीलाही दुखवट्याचा ठराव करायचा आहे, त्याचा नमुना कुणाकडे असेल तर हवा आहे.

---

कामकाजपत्रिका

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लक्षवेधी किंवा तारांकित प्रश्नासारखी सूचना लागत नाही, आणि शोकप्रस्तावाला बॅलटही (चिठ्ठ्या काढून क्रम लावणं) नसतं. मागचं अधिवेशन संपल्यापासून जे आजी-माजी सदस्य निवर्तले त्यांची यादी विधानमंडळ सचिवालयच करतं आणि ती नावं नव्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसाच्या कामकाजात ‘शोकप्रस्ताव’ या मथळ्याखाली येतात. पण यादी करायला निधन कळायला तर हवं. मंत्री किंवा बडा नेता असेल तर राज्यभर बातमी होते. वीस-तीस वर्षांपूर्वी आमदारकी संपलेल्या, शेवटची वर्षं गावी काढलेल्या माणसाची बातमी मात्र जिल्हा पुरवणीच्या बाहेर येत नाही, आणि अशीच नावं मागे राहतात. म्हणून तुमचा पाठपुरावा योग्यच आहे.

आमदारांच्या पत्रशीर्षावर विधानमंडळ सचिवालयाच्या सचिवांच्या नावे पत्र द्या. विषयात दिवंगतांचं पूर्ण नाव, ‘माजी वि.स.स.’ (विधानसभा सदस्य) किंवा ‘माजी वि.प.स.’ (विधानपरिषद सदस्य), आणि निधनाची तारीख लिहा. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, एका पानाचा जीवनपट, अलीकडचा एक फोटो, आणि कुटुंबातल्या एका व्यक्तीचं नाव-पत्ता-फोन जोडा. हा शेवटचा तपशील बहुतेक जण विसरतात. सभागृहाने व्यक्त केलेला शोक कुटुंबीयांना लेखी कळवायचा असतो, आणि पत्ता माजी आमदारांच्या मुंबईतल्या जुन्या घराचा असला तर पत्र परत येतं.

पत्राची वेळ महत्त्वाची. अधिवेशनाच्या तोंडावर सचिवालयाचा निम्मा संसार नागपूरला हललेला असतो, कागद मुंबईत पडून राहतो. दोन-तीन आठवडे आधी मुंबईत आवक क्रमांक घ्या आणि एक प्रत आमदारांच्या फाइलीत ठेवा. उशीर झालाच तर निराश होऊ नका. पहिल्या दिवशी राहिलेलं नाव त्याच अधिवेशनात नंतरच्या एखाद्या बैठकीत, नाहीतर पुढच्या अधिवेशनात घेता येतं.

प्रत्यक्ष दिवस साधारण असा जातो. वंदे मातरम् आणि राज्यगीतानंतर नव्या मंत्र्यांचा परिचय असेल तर तो, मग अध्यादेश पटलावर ठेवणं, पुरवणी मागण्या सादर करणं, तालिका सभाध्यक्षांची (अध्यक्ष नसताना आसनावर बसणाऱ्या सदस्यांची) नावं, आणि बहुधा शेवटी शोकप्रस्ताव. माजी सदस्यांचे प्रस्ताव विधानसभेत अध्यक्ष आणि विधानपरिषदेत सभापती किंवा उपसभापती एकामागून एक वाचतात. दिवंगत व्यक्ती विद्यमान सदस्य, माजी मुख्यमंत्री किंवा राज्यभर मान असलेली असेल तर मुख्यमंत्री बोलतात, मग विरोधी पक्षनेते, गटनेते, आणि वेळ असेल तर त्या जिल्ह्यातले सदस्य. नंतर सगळे सदस्य स्तब्ध उभे राहतात. ‘होय’वाले किती, ‘नाही’वाले किती असं पुकारत नाहीत, उभं राहणं हीच संमती.

तुमच्या आमदारांना बोलायचं असेल तर पक्षाच्या गटनेत्यांकडे किंवा प्रतोदांकडे (पक्षाच्या व्हिपकडे) आदल्या दिवशी नाव द्यायला सांगा. ऐनवेळी हात वर करून नाव मिळेलच असं नाही. भाषण तीन मिनिटांत बसवा.

---

जीवनपट

वर पत्राचं सगळं आलं आहे, मी मजकुराबद्दल लिहितो, कारण खरी गडबड तिथे होते. सभागृहात वाचलेला परिच्छेद कार्यवाहीत, म्हणजे कामकाजाच्या शब्दशः नोंदीत, कायमचा छापला जातो. पुढे कुणी तालुक्याचा इतिहास लिहायला बसलं तर तो तेच पान उघडणार. म्हणून एकेक ओळ तपासून द्या.

शोकप्रस्तावाचा मजकूर ठरलेल्या क्रमाने जातो: जन्म कधी व कुठे, शिक्षण, सार्वजनिक कामाची सुरुवात, स्थानिक संस्थांतली पदं, कोणत्या वर्षी कोणत्या मतदारसंघातून निवडून आले, विधिमंडळाच्या कोणत्या समित्यांवर काम केलं, मंत्रिपद, विशेष कार्य, निधनाची तारीख. नमुना:

‘दिवंगत श्री. (पूर्ण नाव) यांचा जन्म (तारीख) रोजी (गाव, तालुका, जिल्हा) येथे झाला. त्यांचे शिक्षण (पदवी) पर्यंत झाले होते. ते (वर्ष) ते (वर्ष) या काळात पंचायत समितीचे सभापती होते. त्यांनी तालुक्यात माध्यमिक शाळा व उपसा जलसिंचन योजना सुरू करण्यासाठी पुढाकार घेतला. ते सन (वर्ष) व (वर्ष) मध्ये (मतदारसंघ) मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले होते. अशा या निष्ठावान लोकप्रतिनिधीचे (तारीख) रोजी वयाच्या (संख्या)व्या वर्षी दुःखद निधन झाले.’

एवढाच सांगाडा. कुटुंबाकडून येणारा जीवनपट बहुतेकदा चार पानी असतो, त्यात ‘गोरगरिबांचे कैवारी’, ‘तालुक्याचे भाग्यविधाते’ अशी विशेषणं खच्चून भरलेली असतात, आणि निवडणुकीचं साल मात्र नसतं. विशेषणं काढा, सालं भरा.

सालं भरताना कार्यकाळाचा हिशेब सरळ पाच वर्षांनी करू नका. १९७८ साली निवडून आलेली विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, त्यामुळे ‘१९७८ ते १९८३’ असं कुणी लिहून दिलं तर ते चूक. त्यानंतरच्या निवडणुका १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९ अशा आहेत. १९९५ ते १९९९ हा काळही पाच वर्षांचा भरत नाही. पोटनिवडणुकीतून आलेल्या सदस्याचं साल यांत बसणार नाही. ते वेगळं शोधावं लागतं.

मतदारसंघाचं नाव त्या निवडणुकीच्या वेळी होतं तेच लिहायचं. २००८ च्या पुनर्रचनेत कितीतरी मतदारसंघ गेले, जोडले, नावं बदलली. आजच्या नावाने जुना विजय लिहिला की कार्यवाहीत अस्तित्वात नसलेली नोंद तयार होते.

खूप जुन्या नेत्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. १९५२ ला नागपूर-अमरावतीकडून निवडून आलेले आमदार त्या वेळच्या मध्य प्रदेश विधानसभेत बसत आणि औरंगाबाद-नांदेडकडचे हैदराबाद विधानसभेत. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९५२ च्या सदस्याला ‘महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य’ लिहिणं चूक आहे. शताब्दी-स्मरणिकांमध्ये ही चूक सर्रास आढळते आणि तिथूनच ती जीवनपटात शिरते.

विधानसभा आणि विधानपरिषद यांची गल्लतही नेहमीची, कारण गावात दोघांनाही ‘आमदार’च म्हणतात. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभा सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपालनियुक्त. दिवंगत सदस्य यांपैकी कशातून आले होते ते लिहा. दोन्ही सभागृहांचे सदस्य राहिले असतील तर पत्रात तसं ठळक नमूद करा, म्हणजे प्रस्ताव दोन्हीकडे घेतला जाईल.

वय मृत्यूच्या दाखल्यावरचं आणि जन्मतारखेवरून येणारं, असं दोन्ही ताडून पाहा. शाळेत घातलेली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख वेगळी असलेली ती पिढी होती. सचिवालयाकडे निवडणुकीच्या वेळी दिलेली माहिती असते. तिच्याशी विसंगत तारीख दिलीत तर फोन येईल आणि दोन दिवस जातील.

---

मतदारसंघ_कार्यालय

दोघांचेही आभार. १९७८ ची अडचण आमच्याकडे तंतोतंत आहे, कुटुंबाने दिलेल्या कागदावर पूर्ण पाच वर्षंच लिहिली आहेत. दुरुस्त करतो. सभागृह तहकूब होण्याबद्दल कुणी सांगेल का? गावातल्या लोकांना वाटतं की माजी आमदारांसाठी दिवसभर कामकाज बंद राहायला हवं.

---

प्रश्नोत्तराचा_तास

तहकुबी हा सभागृहाचा आणि पीठासीन अधिकाऱ्यांचा (अध्यक्ष-सभापतींचा) निर्णय असतो, कुणाचा हक्क नसतो. माजी सदस्यासाठी वेगळी दिवसभराची तहकुबी सहसा होत नाही. महाराष्ट्रात पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव शेवटी असल्यामुळे तो संमत झाला की बैठक संपते, आणि बातमीत ‘श्रद्धांजली वाहून कामकाज तहकूब’ असं येतं. गावकऱ्यांना तेवढं सांगता येईल.

संसदेत क्रम वेगळा आहे. लोकसभेत अध्यक्षांच्या निदेशांनुसार शपथ सर्वांत आधी आणि लगेच दुसऱ्या क्रमांकावर निधनाचे उल्लेख, प्रश्नोत्तरं त्यानंतर. तिथे अध्यक्ष उल्लेख वाचतात, सदस्य थोडा वेळ स्तब्ध उभे राहतात. प्रस्ताव मांडून मताला टाकण्याचा भागच नाही.

विद्यमान सदस्य गेला तर दिवसभराची तहकुबी ही संसदेची जुनी प्रथा आहे, पण ती कशी वाकते याची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला अपघातात गेले. सोळाव्या लोकसभेची पहिली बैठक दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला होती आणि नव्या सदस्यांनी शपथही घेतली नव्हती. हंगामी अध्यक्ष कमलनाथ यांनी श्रद्धांजलीचा उल्लेख केला, सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं आणि शपथविधी ५ जूनला सुरू झाला. म्हणजे शपथ आधी, उल्लेख नंतर हा क्रमही त्या दिवशी बाजूला ठेवला गेला.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. केरळचे खासदार ई. अहमद ३१ जानेवारी २०१७ ला राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या वेळी कोसळले आणि मध्यरात्रीनंतर त्यांचं निधन झालं. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प होता. अध्यक्ष सुमित्रा महाजन (मूळच्या चिपळूणच्या) यांनी आधी श्रद्धांजलीचा उल्लेख केला, अर्थसंकल्प त्याच दिवशी मांडू दिला, आणि २ फेब्रुवारीला सभागृह तहकूब ठेवलं. या निर्णयावर विरोधकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली होती. माझ्या मते अर्थसंकल्पाची तारीख आधीपासून ठरलेली असताना एवढाच मार्ग उरत होता, पण मतभेद समजण्यासारखा आहे.

लता मंगेशकर यांच्या वेळी, ७ फेब्रुवारी २०२२ ला, दोन्ही सभागृहं एक तासासाठी तहकूब झाली. त्या १९९९ ते २००५ राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या, म्हणजे माजी सदस्य. तासाभराची तहकुबी हा मधला मार्ग असा वापरता येतो.

आणि खातरजमेबद्दल एक प्रसंग, जो या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. चुकीच्या माहितीवरून पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, श्रद्धांजली वाहिली गेली, सभागृह तहकूब झालं. जेपी हयात होते. त्यांचं निधन त्यानंतर कित्येक महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात झालं. आज तर व्हॉट्सअ‍ॅपवर निधनाची बातमी रुग्णालयाच्या आधी फिरते. डॉक्टर किंवा कुटुंबीय यांच्याकडून थेट दुजोरा आणि शक्य तिथे दाखला, हे मिळेपर्यंत पीठासीन अधिकाऱ्यांच्या हातात कागद जाता कामा नये.

शोकप्रस्ताव, राजकीय दुखवटा आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही गावात सांगा. दुखवटा आणि इतमाम शासन ठरवतं, राज्यात सामान्य प्रशासन विभागाच्या आदेशाने. ध्वज अर्ध्यावर आणण्याचा निर्णय त्यातलाच. विधानमंडळाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि सभागृहाने शोक व्यक्त केला म्हणून दुखवटा लागू होत नाही.

---

औचित्याचा_मुद्दा

कुस्तीपटू मुलीच्या अभिनंदनाबद्दल.

शोकप्रस्तावासाठी सचिवालय आपणहून यादी करतं, तसं अभिनंदनाचं नाही. अभिनंदनाचा प्रस्ताव सभागृहापुढे येतो तो बहुतेक वेळा सरकारकडून किंवा थेट अध्यक्ष-सभापतींकडून, आणि सर्वपक्षीय संमती असेल तेव्हाच. विधानसभेत २८८ मतदारसंघ आहेत. प्रत्येकातल्या पदकविजेत्याचा स्वतंत्र प्रस्ताव घेतला तर अधिवेशनाचे दिवस त्यातच जातील. म्हणून राष्ट्रीय शालेय किंवा वयोगटातल्या पदकासाठी स्वतंत्र प्रस्तावाची अपेक्षा धरू नका. आंतरराष्ट्रीय पदक, मोठा नागरी सन्मान, देशासाठीची कामगिरी अशांसाठी तो राखून ठेवलेला आहे.

पण तुमच्या आमदारांना दुसरे मार्ग आहेत. पहिला म्हणजे औचित्याचा मुद्दा. सकाळी बैठक सुरू होण्यापूर्वी अध्यक्षांच्या कार्यालयात लेखी द्यायचा, चार ओळींत: मुलीचं नाव, गाव, स्पर्धा, वजनगट, पदक. परवानगी मिळाली की अर्ध्या मिनिटात सभागृहात वाचायचा. सदस्य बाके वाजवतात, कार्यवाहीत नाव येतं. त्यात मागणी जोडायची असेल, जसं मॅटच्या कुस्तीसाठी तालुक्यात हॉल, तर ती एका वाक्यात जोडा. मागणी लांबली की अध्यक्ष थांबवतात, आणि तेव्हा मुलीचं नावही गडबडीत निघून जातं. म्हणून नाव पहिल्या वाक्यात घ्या.

दुसरा मार्ग क्रीडा विभागाच्या चर्चेत किंवा मागण्यांवरच्या भाषणात उल्लेख करणं. याला कुणाचीच वेगळी परवानगी नको.

अशासकीय ठराव (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला ठराव) हा मार्ग सुचवणारे भेटतील, पण अभिनंदनासाठी तो सोयीचा नाही. ठरावांचं बॅलट होतं, क्रमांक लागेल याची खात्री नाही, आणि पदक जिंकून सहा महिने झाल्यावर अभिनंदन आलं तर त्याला अर्थ राहत नाही.

मुलीला आणि तिच्या वस्तादांना विधान भवन दाखवायला आणणार असाल तर प्रेक्षागृहाचे पास आधी काढा, आणि आमदारांना सांगा की बोलताना ‘ती समोर गॅलरीत बसली आहे’ असं म्हणू नका. लोकसभेच्या नियम ३४९ मध्ये प्रेक्षागृहातल्या व्यक्तींचा भाषणात उल्लेख करायला आणि बाहेरची व्यक्ती प्रेक्षागृहात आली म्हणून टाळ्या वाजवायला स्पष्ट मनाई आहे. विधिमंडळातही हाच संकेत पाळतात. पाहुण्यांचं स्वागत करायचं तर ते पीठासीन अधिकारी करतात.

सभागृहात सदस्याखेरीज कुणाचा सत्कार होत नाही. म्हणून २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकानंतर रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, यशस्वी जयस्वाल आणि शिवम दुबे यांचा सत्कार ५ जुलैला अधिवेशन चालू असताना झाला, तरी तो विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात झाला, विधानसभेच्या कामकाजात नव्हे. संघासाठी ११ कोटी रुपयांच्या बक्षिसाची घोषणाही तिथेच झाली. शाल-श्रीफळ-पुष्पगुच्छ हवं असेल तर जागा ती, किंवा आमदारांचं स्वतःचं दालन.

जिथे अभिनंदनाची भाषणं ठरलेलीच असतात तो प्रसंग म्हणजे अध्यक्ष-सभापतींची निवड. मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षाचे नेते नव्या अध्यक्षांना आसनापर्यंत नेतात आणि मग सगळ्या गटांची भाषणं होतात. ३ जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर मतदानाने निवडून आले होते, ९ डिसेंबर २०२४ ला बिनविरोध. अभिनंदनाची भाषणं दोन्ही वेळा झाली. लढत झाली म्हणून विरोधक अभिनंदन टाळत नाहीत. अध्यक्ष सगळ्या सभागृहाचे असतात, हे त्यातून नोंदवलं जातं.

अभिनंदनाचा प्रस्ताव फसतो तो एका ठरावीक जागी. ‘या यशाबद्दल शासनाचे अभिनंदन’ किंवा ‘मा. मंत्रिमहोदयांच्या मार्गदर्शनाखाली’ असं शेपूट लागलं की विरोधकांना संमती देता येत नाही. खेळाडूचं अभिनंदन एकमताने होणार असतं, ते गदारोळात जातं. मजकुरात फक्त जिने केलं तिचं नाव ठेवा.

---

पर्वरी_गॅलरी

गोव्याची थोडी भर घालतो. पर्वरीच्या विधानसभेत सदस्य ४० आहेत आणि कामकाजाच्या यादीत निधनाच्या उल्लेखांबरोबर अभिनंदनाचे प्रस्ताव हा वेगळा मथळा येतो. आमदार स्वतःच्या नावाने ते देतात: तियात्राचा (कोकणी नाट्यप्रकाराचा) कलाकार, फुटबॉलपटू, पुरस्कार मिळालेला लेखक, परीक्षेत पहिली आलेली मुलगी. बहुतेक एकत्र घेतले जातात, दोन-चार सदस्य बोलतात आणि मंजूर होतात. सभागृह लहान असल्यामुळे हे परवडतं. सरकारच्या एखाद्या राजकीय निर्णयाचं अभिनंदन याच मथळ्याखाली आलं की मात्र चर्चा तापते, त्यामुळे वर सांगितलेलं शेपटाचं पथ्य गोव्यातही लागू.

---

प्रश्नोत्तराचा_तास

अभिनंदन आणि राज्यपालांच्या अभिभाषणावरचा आभाराचा प्रस्ताव यांची सांगड कुणी घालू नये म्हणून एक ओळ. आभाराच्या प्रस्तावाला दुरुस्त्या देता येतात, मतदान होतं, आणि दुरुस्ती मंजूर झाली तर ती सरकारला नामुष्की असते. राज्यसभेत राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरच्या प्रस्तावाला २०१५ आणि २०१६ ला अशा दुरुस्त्या मंजूर झाल्या आहेत. शोक किंवा अभिनंदनात दुरुस्ती मांडत नाहीत. मजकूर आधीच सगळ्या गटांना दाखवून ठरवतात.

दुर्घटना किंवा हल्ल्यातल्या मृतांबद्दल सभागृहाला शोकाबरोबर निषेध आणि निर्धारही नोंदवायचा असेल तर मात्र तो ठराव होतो. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर लोकसभेने ११ डिसेंबर २००८ ला एकमताने केलेला ठराव अशा प्रकारचा होता.

---

ऐनवेळचा_विषय

ग्रामपंचायतीचं मी सांगतो. इथे सगळं प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) काय उतरतं यावर आहे.

मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी जाते, विशेष सभेची एक पूर्ण दिवस आधी. निधन नोटीस निघाल्यानंतर झालं असेल तर विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात घ्या, पण वाचायचा सभेच्या सुरुवातीला. निव्वळ दुखवट्यासाठी विशेष सभा बोलवायला हरकत नाही. मात्र विशेष सभेच्या नोटिशीत जो विषय आहे तोच घ्यायचा. ‘आलोच आहोत तर’ म्हणून पाणीपट्टीचा किंवा घरकुलाचा विषय त्यात उरकला तर पुढे तक्रार होते आणि ठराव अडचणीत येतो.

नमुना:

‘विषय क्र. १: माजी आमदार कै. (पूर्ण नाव) यांच्या निधनाबद्दल शोक व्यक्त करणे.
ठराव क्र. १: या गावचे सुपुत्र व माजी विधानसभा सदस्य कै. (पूर्ण नाव) यांचे दि. (तारीख) रोजी निधन झाले. गावातील माध्यमिक विद्यालय व पाझर तलावाच्या कामी त्यांनी केलेल्या प्रयत्नांची ही सभा कृतज्ञतापूर्वक नोंद घेत असून त्यांच्या निधनाबद्दल तीव्र दुःख व्यक्त करीत आहे. उपस्थित सर्व सदस्यांनी दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली अर्पण केली. ठरावाची प्रत त्यांच्या कुटुंबीयांस देण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’

सूचक-अनुमोदक दुखवट्याच्या ठरावाला घालायची गरज नाही. अध्यक्षस्थानावरून मांडला असं लिहा. याने एक जुनं भांडण टळतं, कारण सूचक म्हणून कुणाच्या गटाचं नाव यायचं यावरून दुखवट्याच्या सभेत वाद झालेले आहेत. अभिनंदनाच्या ठरावाला मात्र सूचक-अनुमोदक घाला.

दोन्ही ठरावांत खर्चाचा किंवा नाव देण्याचा विषय मिसळू नका. ‘तसेच बसस्थानक चौकास त्यांचे नाव देण्यात यावे’ हे वाक्य भावनेच्या भरात घुसतं. चौक, रस्ता, इमारत यांना नाव देण्याची प्रक्रिया वेगळी आहे, त्यासाठी वेगळा विषय, वेगळा ठराव लागतो. अभिनंदनाच्या ठरावातून मुलीला शाल, ट्रॉफी, रोख बक्षीस द्यायचं असेल तर खर्चाला तरतूद कुठल्या शीर्षाखाली आहे ते पाहून स्वतंत्र मंजुरी घ्या. ती नसली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांच्या नावावर येते.

नगरपालिका-महापालिकांमध्ये दुखवट्याचा ठराव करून सभाच तहकूब करण्याची पद्धत आहे. ती सन्मानाची पद्धत आहे, मलाही मान्य आहे. पण पाणी, कचरा, रस्त्यांचे विषय असलेली सभा एकामागून एक श्रद्धांजलींवर तहकूब होत राहिली तर विषय महिना महिना लांबतात, आणि अडचणीचा विषय टाळायला हा मार्ग वापरला जातो हे सगळ्यांना दिसतं. ग्रामपंचायतीत ही सवय लावू नका. दोन मिनिटं उभे राहा, ठराव लिहा, पाच मिनिटं थांबून उरलेली सभा घ्या.

---

जीवनपट

वरच्या नमुन्यातली पाझर तलावाची ओळ मुद्दाम बघा. गावातलं एखादं डोळ्यांनी दिसणारं काम नावासह लिहिलं की ठराव त्या माणसाचा होतो. ‘सर्वांगीण विकासात मोलाचे योगदान’ कुणाच्याही नावापुढे चालतं.

---

मतदारसंघ_कार्यालय

खूप मदत झाली, सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: सभागृहात प्रस्ताव झाल्यावर कुटुंबाला त्याची प्रत मिळते का? त्यांना ती वर्षश्राद्धाच्या वेळी छापायची आहे.

---

कामकाजपत्रिका

शोकसंदेशाचं पत्र सचिवालयाकडून कुटुंबाला जातं. भाषणांसह पूर्ण मजकूर हवा असेल तर त्या दिवसाची कार्यवाही मागा. लगेच मिळते ती असुधारित प्रत, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं आणि ती छापायला वापरू नये, कारण सदस्यांनी तपासण्याआधीच्या त्या प्रतीत नावांच्या चुका राहतात. अंतिम कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येते, ग्रंथालयातही ठेवतात. आमदारांच्या सहीने ग्रंथालयाला पत्र द्या. त्यात अधिवेशनाचं नाव, सभागृह आणि तारीख लिहा, म्हणजे पान लगेच सापडेल. भाषण केलेल्या सदस्यांची नावं पहिल्या दिवशीच टिपून ठेवा, मजकूर जुळवताना लागतील.